हातपोच

१

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, धुलाईखाना आणि मोडक्या खाटांची खोली यांच्या मध्ये एक चिंचोळी खोली होती. तिला खिडकी नव्हती. कॉरिडॉरच्या बाजूला एक काच होती, पण त्या काचेतून दिसायचं काय, तर चादरींनी भरलेल्या ढकलगाड्या. खोलीत दोन माणसं बसत. एक पोस्टमास्तर, दुसरी चिमणी.

पोस्टमास्तरांनी जन्मात कधी पोस्टात नोकरी केली नव्हती आणि चिमणी काही चिवचिवत नव्हती. दिवसभरात ती मोजून दहा वाक्यं बोलायची, म्हणूनच तिला ते नाव पडलं होतं. ऑफिसातली टोपणनावं अशी उलटीच बसतात.

त्या दोघांचं काम म्हटलं तर सोपं होतं. प्रयोगशाळेतलं मशीन रिपोर्ट तयार करतं. तो रिपोर्ट मेसेज होऊन रांगेत उभा राहतो. मग वॉर्डातला संगणक नाहीतर पेशंटचा फोन तो उचलून घेतो. रांगेतल्या प्रत्येक मेसेजमागे नोंदवहीत तीन ओळी पडतात: ठेवला. उचलला. पोच मिळाली. नोंदवही म्हणायची आपली पद्धत; होता तो स्क्रीनच. तिसरी ओळ पडली की मेसेजचं सोनं झालं. नाही पडली, तर यंत्र तीनदा प्रयत्न करतं आणि चौथ्यांदा कंटाळून तो मेसेज एका वेगळ्या रांगेत टाकून देतं. त्या रांगेला सगळे ‘अडगळ’ म्हणत.

अडगळ रोज पाचच्या आत रिकामी व्हायलाच हवी, कारण पाच वाजता साहेबांच्या केबिनमधला, कामाचा हिशेब दाखवणारा मोठा पडदा हिरवा व्हायचा असे. अडगळीतला एकेक मेसेज उघडायचा, माणसाला फोन लावायचा, रिपोर्ट आला आहे, असं असं आहे, हे तोंडी सांगायचं आणि मग तिसरी ओळ आपल्या हातानं भरायची. याला म्हणत हातपोच.

हातपोच भरताना यंत्र एकच प्रश्न विचारी: कसं कळवलं? खाली दोन पर्याय असत. ‘फोनवर सांगितले’ निवडलं की ते फोनचा नोंदणी क्रमांक मागे. ‘प्रत्यक्ष भेटून सांगितले’ निवडलं की काहीच मागत नसे. प्रत्यक्ष कोण जातंय, म्हणून तो पर्याय बनवणाऱ्याने तिथे कुलूपच लावलं नव्हतं.

चिमणी स्वतःच्या लग्नाच्या सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी अडगळीत एकतीस मेसेज होते. पोस्टमास्तर दाढ काढायला गेले होते. पाचला वीस मिनिटं कमी होती, खाली भाऊ गाडी घेऊन हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि चिमणीने एकही मेसेज न उघडता एकतीस वेळा ‘प्रत्यक्ष भेटून सांगितले’ दाबलं. चार मिनिटं लागली. पडदा हिरवा झाला. तीही हळदीच्या रंगाची पर्स उचलून निघाली.

२

पंधरा दिवसांनी, सोमवारी, ती कामावर परतली.

“या या, सौभाग्यवती!” पोस्टमास्तर म्हणाले. “नवरा कसा आहे?”

“बरा आहे.”

“फक्त बरा? पंधरा दिवसांत एकच विशेषण?”

“सासूबाई छान आहेत,” ती म्हणाली. पोस्टमास्तर इतके हसले, की त्यांना दाढ काढलेल्या गालावर हात धरावा लागला.

सासूबाई खरंच छान होत्या. पंधरा दिवसांत त्यांनी सुनेला एकदाही भांडं इथे का ठेवलंस म्हणून विचारलं नव्हतं. पण ते एकतीस मेसेज काही तिच्या डोक्यातून गेले नव्हते. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, फोटो काढताना, नवऱ्याच्या मामाचे तेच ते विनोद ऐकताना मध्येच तो आकडा तिच्यासमोर उभा राही. एकतीस माणसं. कुणाची साखर, कुणाचं रक्त, कुणाची छाती. परत गेलं की पहिलं काम तेच करायचं, एकेकाला फोन करायचा, माफी मागायची, असं तिनं ठरवलं होतं. ठरवताना फार हलकं वाटलं होतं.

पोस्टमास्तर चहाला गेल्यावर तिनं आपल्या हातपोची काढल्या. एकतीसच्या एकतीस तिथं होत्या, तिच्या क्रमांकासकट, चार मिनिटांच्या त्या निर्लज्ज वेळेसकट. आणि पहिल्या सव्वीस मेसेजांच्या खाली चौथी ओळ होती.

*प्रत्यक्ष पोच मिळाली.*

तिनं डोळे चोळले. चौथी ओळ नसतेच. या यंत्रात तीनच ओळी पडतात. तीन वर्षं ती दुसरं काही बघत नव्हती. प्रत्येक चौथ्या ओळीपुढे तारीख होती, वेळ होती. रोज दोन. एक दुपारी दोनच्या सुमारास, दुसरी साडेतीनच्या. तिनं ज्या क्रमानं दाबले होते त्याच क्रमानं. रविवार तेवढे मोकळे होते. कामगार कायदा पाळणारं भूत, असं तिच्या मनात आलं, आणि हसू काही आलं नाही. ओळीच्या शेवटी, पोचवणाऱ्याच्या जागी, तिचाच क्रमांक होता.

त्या तारखांना ती सासरी होती. पाच तारखेला दुपारी दोन वाजता ती नणंदेच्या मुलीची वेणी घालत होती. आठ तारखेला साडेतीनला झोपली होती.

पोस्टमास्तर आले तेव्हा तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“वरातीमागून घोडं,” ते म्हणाले. “सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे झालं असेल. नाहीतर नवीन काहीतरी बसवलंय, आपल्याला कोण सांगतंय.” मग ओळी वाचता वाचता त्यांचा आवाज बदलला. “प्रत्यक्ष भेटून? एकतीस? अगं, तू लग्नाच्या गडबडीत घरोघर गेलीस?”

इथं ‘नाही’ म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. तिला तो तोंडात आलेला जाणवलाही.

“जवळजवळ राहतात सगळे,” ती म्हणाली.

“धन्य आहेस बाई.”

दोन वाजून दहा मिनिटांनी, ती त्याच पानाकडे बघत असताना, सत्ताविसाव्या मेसेजखाली चौथी ओळ पडली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

३

मंगळवारी सकाळी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या हातात एक पत्र होतं, रेघांच्या कागदावर लिहिलेलं.

“आपल्या संस्थेत माणुसकी राहिली नाही असं म्हणणाऱ्यांनी ऐकावं,” साहेब म्हणाले आणि वाचू लागले. एका निवृत्त शिक्षकाच्या पत्नीनं लिहिलं होतं. नवऱ्याच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट सांगायला आपल्या दवाखान्यातली मुलगी स्वतः घरी आली, अशी माणसं आता कुठं मिळतात, वगैरे. टाळ्या वाजल्या. चिमणी जमिनीकडे बघत राहिली. लाजते आहे, असं सगळ्यांना वाटलं. आणि लाजतच होती ती; फक्त लाजेचंही नाव कुणी बरोबर घेतलं नाही.

अकराच्या सुमारास त्या मास्तरीणबाई स्वतःच आल्या. पिशवीत घरच्या झाडाची लिंबं.

“हीच ती!” काचेतूनच त्यांनी बोट केलं. “अगदी हीच. घे गं, नाही म्हणू नकोस. तुझ्यामुळे वेळेवर दाखल केलं यांना.”

चिमणीनं खुर्ची पुढे केली. “बाई, मी… मी आले तेव्हा काय काय सांगितलं, तेवढं सांगाल का? नोंदीसाठी हवंय.”

“सगळंच की! फार व्यवस्थित. जरा जास्तच व्यवस्थित बाई तू.” त्या हसल्या. “आधी तो भला मोठा नंबर, मग प्राधान्य तातडीचं, मग प्रयत्न पहिला, मग कितीतरी आकडे, कुठून निघाला, कुठल्या रांगेत किती वेळ थांबला… मी म्हटलं, अगं मुली, ते राहू दे, यांचं काय ते बोल. पण नाही. सगळं म्हणून झाल्यावरच मूळ मुद्दा.”

पोस्टमास्तरांनी टायपिंग थांबवलं होतं.

मेसेजाच्या डोक्यावर एक पट्टी असते. क्रमांक, प्राधान्य, प्रयत्न, वेळा. ती यंत्रानं यंत्रासाठी लिहिलेली असते. माणसाला वाचून दाखवायची नसते. आणि नुसत्या आठवणीतून ती कुणाला म्हणताही येणार नाही.

“आणि यांना कानानं कमी ऐकू येतं,” मास्तरीणबाई सांगत होत्या, “म्हणून हे गप्प. तर तू पुन्हा पहिल्यापासून म्हणालीस. ‘प्रयत्न दुसरा.’ तीच वाक्यं, तोच सूर. एक श्वास इकडचा तिकडे नाही. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, पोचलं गं, पोचलं आम्हाला! तशी वळलीस आणि निघालीस. पाणीसुद्धा घेतलं नाहीस.” त्यांनी जरा वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. “बोलतेस का गं तू नेहमी इतकं? आज फार गप्प आहेस.”

त्या गेल्यावर खोलीत लिंबांचा वास राहिला.

“तू पट्टी पाठ केलीस?” पोस्टमास्तरांनी विचारलं.

“काका, मी…”

“काय?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं, लपायला सावली नव्हती.

“सवय आहे,” ती म्हणाली.

४

एकाची साक्ष म्हणजे पुरावा नव्हे. मास्तरीणबाईंचं वय झालं होतं. दवाखान्यातली कुणी भली नर्स गेली असेल, तोंडावळा सारखा असेल. तिची तर्कबुद्धी अजून शाबूत होती आणि ती भरभर ढिगळं लावत होती. पोस्टमास्तर जेवायला उठल्यावर तिनं अठराव्या मेसेजचा माणूस काढला. सुतार होता. फोनमागे करवतीचा आवाज येत होता.

“दवाखान्यातून बोलतेय. तुमचा रिपोर्ट—”

करवत थांबली.

“मिळाला,” सुतार म्हणाला. “तुम्हीच सांगितलात ना. आवाज ओळखला मी.”

“हो. म्हणजे… काही अडचण तर नाही ना आली?”

“अडचण कसली. बरोबर सांगितलंत, मी डॉक्टरकडे गेलो, गोळ्या चालू झाल्या. उपकार झाले तुमचे. पण बाई, एक विनंती आहे. परत येऊ नका.”

“का?”

“रागावू नका. दुकानाला मी आतून अडसर घालून काम करतो, भुसा उडतो रस्त्यावर म्हणून. तुम्ही बोलायला लागलात तेव्हा मी वळून बघितलं. तुम्ही फळ्यांपाशी उभ्या होतात, आत.” त्यानं आवाज खाली आणला. “दार मी उघडलं नव्हतं, बाई. तुम्ही गेल्यावरही अडसर तसाच होता.”

तिनं फोन ठेवला. काचेपलीकडून चादरींची एक गाडी गेली, तिचं एक चाक कुईकुई करत होतं. चाकाचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला आणि विरला. दोन वाजून बारा मिनिटांनी एकोणतिसाव्या मेसेजखाली ओळ पडली.

घाबरायला हवं होतं आणि ती घाबरलीही होती. पण भीतीच्या बुडाशी दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त झोंबत होतं. जे कोणी हिंडत होतं ते काम नीट करत होतं. तिच्यापेक्षा नीट. मास्तर दाखल झाले, सुताराला गोळ्या मिळाल्या. तिनं फक्त खोटं लिहिलं होतं. ते खरं करत कुणीतरी भर उन्हात दारोदार चाललं होतं, आणि शाबासकी मात्र तिच्या पिशवीत पडत होती, लिंबांसकट.

५

साडेतीनला तिसावा झाला. उरला एक.

एकतिसावा मेसेज अजून बंद होता. पेशंटची नावं बाहेरून दिसत नाहीत. मेसेज उघडल्याशिवाय कळत नाही कुणाचा ते. हा तरी आपण स्वतः पोचवू, एक तरी, असं म्हणत तिनं तो उघडला. आणि नाव वाचून खुर्ची मागे सरकवली.

सासूबाईंचं नाव होतं.

लग्नाच्या आधी दम लागतो म्हणून त्यांनी छातीची तपासणी करून घेतली होती, इथेच, सूनबाईंच्या दवाखान्यात. रिपोर्ट त्यांच्या जुन्या नंबरवर गेला होता. मुलानं लग्नानिमित्त नवा फोन आणि नवा नंबर घेऊन दिला होता. यंत्रानं तीनदा हाक मारली, कुणी ओ दिली नाही, मेसेज अडगळीत पडला. आणि अडगळीतून तो तिनं उडवला होता. चार मिनिटांतल्या शेवटच्या आठ सेकंदांत.

‘डाव्या फुफ्फुसात गाठ. दहा दिवसांच्या आत पुढील तपासणी आवश्यक. तातडीचे.’

मधे अठरा दिवस गेले होते.

ताबडतोब फोन करायचा, कुणीही हेच करील. तिनं फोन हातात घेतलाही. पण फोनवर काय सांगणार? आई, तुमचा रिपोर्ट आला आहे. कधी आला? मग? आणि तू तर पंधरा दिवस आमच्याच घरात होतीस ना गं? सांगू, घरी जाऊन समोरासमोर सांगू, असं तिनं ठरवलं. शरमेला सवड फार आवडते. तेवढ्यापुरती उद्या सकाळच्या तपासणीची वेळ मात्र तिनं सासूबाईंच्या नावानं धरून ठेवायला पाहिली. सकाळची नव्हती. चारची मिळाली.

संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसल्या होत्या. ती समोर बसली, तिनंही मूठभर शेंगा घेतल्या.

“आई.”

“काय गं?”

“तुमच्या त्या तपासणीचं… काही कळलं का?”

“नाही बाई. म्हणजे बरंच असणार.” सासूबाईंनी एक वाटाणा तोंडात टाकला. “मी याला म्हटलंसुद्धा, आता काळजी कसली, सगळे मेसेज आपल्या सुनेच्या हातून जातात. काही वेडंवाकडं असतं तर ती धावत आली असती.”

नवरा बाहेरच्या खोलीतून ओरडला, “आई, ती धावत वगैरे जात नाही गं. ती चालतेसुद्धा शांतपणे!”

“तू गप्प बस. तुझ्यासारखं घर डोक्यावर घेत नाही पोर.” आणि मग सुनेकडे वळून, हळूच, “का गं? काही आहे का?”

शेंग तिच्या बोटांत उकलली. आत सहा वाटाणे होते, एक किडका. समोरचा चेहरा इतका विश्वासानं बघत होता, की त्या विश्वासावर पाय देऊन पुढे जाणं तिला जमलं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “सहज विचारलं.”

रात्री तिला जेवण गेलं नाही. डोकं दुखतं म्हणाली. सासूबाईंनी कपाळाला बाम लावून दिला. त्यांना दम लागत होता. दोन बोटं फिरवायची आणि थांबायचं, दोन बोटं फिरवायची आणि थांबायचं.

६

बुधवारी सकाळी ती बोलली नाही, कारण नवऱ्याला उशीर होत होता. नंतर बोलली नाही, कारण सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. मग बसची वेळ झाली.

कामावर तिनं अडगळ उघडली नाही. ती एकतिसाव्या मेसेजचं पान उघडून बसली. ठेवला. उचलला नाही. प्रत्यक्ष भेटून सांगितले. त्याखाली कोरी जागा.

“काका,” सव्वाएकच्या सुमारास ती म्हणाली, “ते मी गेले नव्हते.”

पोस्टमास्तरांनी मान वर केली. ती इतक्या हळू बोलली होती, की त्यांना ऐकू गेलं असलं तरी गेलं नाही असं म्हणायची सोय होती. त्यांनी ती सोय घेतली नाही.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “चार मिनिटांत एकतीस घरं होत नाहीत. काल वेळा बघितल्या मी.”

तिचे कान तापले.

“मग परवा म्हणालात, धन्य आहेस—”

“तेव्हा बघितल्या नव्हत्या.” त्यांनी चष्मा काढून पुसला. ते तिच्याकडे बघत नव्हते. “मीही एकदा केलं होतं. जुनी गोष्ट आहे. एकच होता. मला वाटलं एकच तर आहे.”

“मग? तिथंही गेलं होतं कुणी?”

पोस्टमास्तरांनी चष्मा लावला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. काच स्वच्छच होती.

“शेवटचा कुणाचा आहे?” त्यांनी विचारलं.

“आईंचा. सासूबाईंचा.”

“घरचा?” ते ताडकन उठले. दाढेचा, वयाचा, कशाचाच विचार न करता त्यांनी तिची पर्स उचलून तिच्या हातात कोंबली. “अगं मग बसलीस काय! जा. आधी तू सांग. तुझ्या तोंडानं सांग. दोनच्या आत.”

एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

७

बस मिळाली. सिग्नल लागले. एका वळणावर ट्रक आडवा झाला होता आणि ड्रायव्हर खाली उतरून दुसऱ्या ड्रायव्हरची वंशावळ काढत होता. तिनं सासूबाईंचा नंबर लावला. तीनदा. सासूबाई दुपारी फोन आवाज बंद करून पडतात, हे तिला माहीत होतं, तरी लावला. मग ती उतरून चालू लागली. मग, नवऱ्यानं बघितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता, ती धावली.

जिने चढताना ती वाक्य जुळवत होती. आई, माझ्या हातून चूक झाली. नाही, चूक नाही. आई, मी खोटं लिहिलं. आधी गाठीचं सांगायचं की आधी खोट्याचं? आधी चारच्या तपासणीचं. चला, कपडे बदला, वाटेत सगळं सांगते. हेच. हे बरं आहे. वाक्य एकदाचं पक्कं झालं आणि ती चौथ्या मजल्यावर पोचली. घड्याळात दोनला तीन मिनिटं कमी होती. जिवात जीव आला. तिनं पर्समधून किल्ली काढली, कुलपाला लावली.

“संदेश क्रमांक चार, शून्य, सात, एक, एक, नऊ,” दाराच्या आतून कुणीतरी म्हणालं. “प्राधान्य तातडीचे. प्रयत्न पहिला.”

स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड होऊन ऐकला की परका वाटतो. तसा तो आवाज होता. तिचाच. फक्त त्यात श्वास घ्यायच्या जागा नव्हत्या. आकडे झाले, वेळा झाल्या, कुठल्या रांगेत किती सेकंद थांबला ते झालं. मग गाठ. मग दहा दिवस. मग शांतता.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. बहुतेक त्या नुकत्याच उठून बसल्या असाव्यात. पलंगाची करकर ऐकू आली.

दाराच्या वरच्या भागाला दुधी काच होती. काचेपलीकडे खोलीच्या मध्यभागी एक उभा काळोखा आकार होता. खांदे तिच्याएवढे. डोकं किंचित एका बाजूला, ती ऐकताना धरते तसं.

“संदेश क्रमांक चार, शून्य, सात—प्रयत्न दुसरा.”

अजून वेळ होता. किल्ली कुलपात होती. मनगट एकदा वळवायचं, आत जायचं आणि म्हणायचं: आई, थांबा, ही मी नाही, किंवा, आई, मी सांगते. भीतीनं हात थांबला असता तर पुढे कधीतरी तिनं स्वतःला माफ केलं असतं. पण तो भीतीनं थांबला नव्हता. तिच्या मनात एक अतिशय छोटा, स्वच्छ विचार आला होता: सांगून होतंय. मला सांगावं लागणार नाही.

तिनं किल्ली, आवाज न करता, बाहेर काढली.

“प्रयत्न तिसरा.”

ती तिसऱ्यांदा सगळं ऐकत उभी राहिली. शेवटी सासूबाईंचा आवाज आला. घोगरा, झोपेतला.

“पोचलं गं. पोचलं मला.”

आता ते निघेल. ‘पोचलं’ म्हटलं की ते वळतं आणि जातं, मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या. ती जिन्याकडे सरकून भिंतीला चिकटली. दार उघडलं नाही. काचेतला आकार हलला नाही.

“हे पोटात ठेवून होतीस होय?” सासूबाई म्हणत होत्या. “म्हणून काल जेवली नाहीस? वेडी कुठली. केवढं ओझं घेऊन फिरलीस एकटी. ये इकडे. ये, बस माझ्याजवळ.”

बराच वेळ काहीच झालं नाही. मग काचेतला आकार वाकला आणि दिसेनासा झाला. पलंग पुन्हा करकरला, दुसऱ्या कुणाच्या तरी वजनानं.

आणि तो आवाज, जो आजवर मेसेजबाहेरचा एक शब्दही कुणाशी बोलला नव्हता, म्हणाला, “हो, आई.”

या वेळी त्यात श्वास होता.

आत तोच आवाज हळूहळू चारच्या तपासणीचं सांगू लागला आणि मग सासूबाईंनी मुलाला फोन लावला. थोड्या वेळानं पर्समध्ये तिचा फोन थरथरला. तिनं तो छातीशी दाबून धरला आणि अर्धा जिना उतरून घेतला. नवऱ्याचा होता.

“आईचा फोन आला होता आत्ता,” तो म्हणाला. एकेक शब्द तुटत येत होता. तो असा बोलताना तिनं कधी ऐकला नव्हता. “सगळं कळलं. मी निघतोय, चारच्या आत पोचतो. ऐक… तू स्वतः जाऊन तिला सांगितलंस. तिच्यापाशी बसलीस. मला जमलं नसतं गं. ती म्हणाली, मुलगी झाली आता ही माझी.” त्यानं नाक ओढलं. “तूच आहेस ना तिच्याजवळ?”

वर, बंद दारामागे, सासूबाई कशालातरी हसल्या. दम लागेल इतक्या हसल्या. पाठोपाठ दुसरं एक हसू आलं, हळू, लाजरं.

“हो,” ती म्हणाली. “मीच.”

तिनं फोन ठेवला. मग चपला काढून हातात घेतल्या आणि पायरीवर पायरी, आपल्याच घराचा जिना, कुणाला चाहूल लागणार नाही अशा बेतानं, ती उतरू लागली.